सोंगणीआधीचं सलाईन

आमच्या घरात जे काही यायचं ते विळ्यानं सोयाबीन सोंगून यायचं, आणि ते सोयाबीन आमचं नसायचं. रिसोडहून जीपनं आत गेलं की आमची वस्ती. वस्तीच्या कडेला बाबांच्या वाट्याचा एक तुकडा होता, पण त्यात मुरूम एवढा की पावसानं जरा ओढ दिली की सगळ्यांच्या आधी आमचं पीक मान टाकायचं. म्हणून दुसऱ्याचं वावर. माय, बाबा, शेजारची शेवंतामावशी आणि आणखी काही घरं मिळून टोळी करायची आणि गुत्त्यानं, म्हणजे एकरावर बोली ठरवून, सोंगणी घ्यायची. गुत्त्याच्या कामात दिवस बुडाला म्हणून काम थांबत नाही, वावर संपलं की थांबतं. शेंगा जास्त वाळल्या की तडकतात आणि दाणे मातीत जातात, म्हणून मालकाला घाई. पुढचं वावर दुसऱ्या टोळीनं धरू नये म्हणून टोळीला घाई. वाळलेल्या शेंगेचं टोक काट्यासारखं असतं. ते मायच्या बोटांत मोडून राहायचं आणि दसऱ्याच्या दिवशी पुरण वाटतानाही ती मधेच 'स्स' करायची. तूर निघाली की घराला कुलूप लागायचं आणि आम्ही बाहेरगावी, कधी उसाला, कधी वीटभट्टीवर. कुलूप निघायचं आणि पुन्हा लागायचं, त्या मधल्या महिन्यांत मी शाळा शिकले. शिकत शिकत बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही.

यंदाही हडंबा सुरू झाला. सोयाबीन मळायचं यंत्र, त्याला आमच्याकडे हडंबा म्हणतात. त्याची घरघर दोन वावरं ओलांडून माझ्या खिडकीत येते, आणि तिच्या मागून कुटाराची, म्हणजे मळून उरलेल्या भुशाची धूळ. भुरकट, कोरडी, घशात बसणारी. या वासानं लोकांना दसरा-दिवाळी आठवते, नवे कपडे आठवतात. मला राग येतो. बाकी सगळ्या गोष्टींना वेळ गेला की धार राहत नाही म्हणतात. या रागाची धार दर हंगामात कुणीतरी लावून ठेवल्यासारखी असते.

त्या धुळीच्या आधी दुसरा एक हंगाम असायचा. पोळा झाला, गौरी उठल्या, की टोळीतली माणसं सलाईन लावून घ्यायची. आजारी म्हणून नाही. सोंगणीला अंगात ताकद पाहिजे म्हणून. शेजारच्या गावात डॉक्टरची एक खोली होती. तो कशाचा डॉक्टर हे कुणी विचारलेलं नव्हतं. दोन खाटा, एक लांब बाकडं आणि भिंतीत ठोकलेले खिळे. खिळ्यांना बाटल्या लटकायच्या. त्यात एक सुई टोचली की पाणी पिवळं व्हायचं, आणि पिवळी बाटली पांढऱ्या बाटलीपेक्षा ताकदीची, हे लहान लेकरालाही माहीत होतं. बाया हाताला नळी लावून ओळीनं बसायच्या. तिथं हसणं असायचं, सुनांच्या चहाड्या असायच्या, जत्रेसारखं वाटायचं. "माही अजून अर्धीच झाली वं, तू जाय पुढं." "पिवळी लावली का तुले? मले पांढऱ्यावरच भागवलं, मेल्यानं!" वाटेत बाई बाईला भेटली की विचारायची, "झाली का लावून?" काय लावून, ते सांगायची गरज नसायची.

मालक हंगामाआधी ट्रॅक्टर गॅरेजात नेतो, तेल बदलतो, पट्टा बदलतो. आमचं गॅरेज ही खोली. फरक एवढाच की ट्रॅक्टरला काय झालंय हे आधी कुणीतरी खोलून बघतं.

मला दम बारावीपासून लागायचा. सोंगणीत प्रत्येकाला एक पात मिळते, म्हणजे पिकाच्या ओळींचा आपापला पट्टा, आणि सगळ्यांच्या पाती बरोबरीनं पुढं सरकायला लागतात. एक जण मागं पडला की सगळ्या वावराला दिसतं. माझी पात मागं पडायची. विळा चालायचा, हात चालायचे, छाती चालायची नाही. आत कुणीतरी पायरीवर बसून दार दाबून धरल्यासारखं. मी वाकलेली सरळ व्हायचे आणि शेवंतामावशी पुढून ओरडायची, "काय वं, कालेजात गेली अन् पात मांगं राह्यली? इळा उचलत नाई तर पुस्तकं कशी उचलते?" बाया हसायच्या. मीही हसायचे, कारण हसायला तेवढाच श्वास लागतो जेवढा उरलेला असतो.

त्या दमाला किती नावं मिळाली! धूळ. कुटार छातीत बसलं. रक्त कमी. अभ्यासाची काळजी. उन्हाची सवय गेली. कुणी म्हणालं अंगात बाहेरचं आहे, पोहरादेवीला नेऊन आणा. एका शहाण्या काकानं सांगितलं, "लग्न करून द्या, आपोआप बसते." आजही त्या वाक्यानं माझ्या कानशिलाची शीर ताडताड उडते. एवढी नावं ठेवणाऱ्यांतल्या एकानंही माझ्या छातीला कान लावला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. आमच्याकडे दुखणं विचारायचं नसतं, काढायचं असतं. सातवीत वीटभट्टीवर असताना आधी घसा धरला होता, मग गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपरं. माय हळद बांधायची आणि म्हणायची, वाढीचं दुखणं आहे. सूज गेली. सगळे विसरलो. ती सूज जाताना आत काय करून गेली हे कळायला पुढं कितीतरी वर्षं लागली.

बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षीची सोंगणी. पुढं शिकायला पैसे लागणार होते, म्हणून टोळीत उभं राहायचं ठरलं. त्याआधी माय मला खोलीवर घेऊन गेली. प्रेमानं घेऊन गेली, हे मला लिहिलंच पाहिजे. स्वतःला पांढरी लावली आणि मला पिवळी सांगितली.

पहिली बाटली संपत आली तेव्हा छातीवर कुणी ओलं पोतं ठेवल्यासारखं झालं. मी म्हणाले, "डॉक्टर, दम लागून राह्यला."

"लागनच," तो म्हणाला. "ताकद चढून राह्यली."

त्यानं दुसरी अडकवली. "कमजोरी लय हाय पोरीले," असं मायला सांगितलं. मला नाही. मी खाटेवर आडवी होते आणि आडवं राहणं शक्यच नव्हतं. उठून बसले तर तो म्हणाला झोप, सुई निघते. मग खोकला आला आणि खोकल्यात फेस आला, गुलाबी. गुलाबी रंग मला तोवर आवडायचा. बाकड्यावरचं हसणं थांबलं. मायनं माझ्या हातातली नळी ओढून काढली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या खोलीतलं त्या दिवसाचं एकच शहाणपणाचं काम तिनं केलं. निरोप गेला तसे बाबा धावत आले आणि भर दुपारी त्यांनी मला पाठीवर घेऊन रस्ता गाठला. जीपमध्ये मी खिडकीची सळई धरून बसले होते आणि कोरड्या हवेत, सगळं रान वाळून खडखडत असताना, मी बुडत होते. दुसरा शब्द नाही. पाण्याचा थेंब नाही अशा रस्त्यावर बुडत होते.

रिसोडच्या एका खाजगी दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, सुई दिली, लघवीवाटे पाणी गेलं, छाती थोडी मोकळी झाली. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आधी कुठं दाखवलं का? काही औषध, काही दिलं होतं का हिला?"

बाबा हात जोडून म्हणाले, "नाई साहेब. काईच नाई दिलं."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या भागात सलाईन औषधात धरतच नाहीत. गोळी औषध, सुई औषध. सलाईन म्हणजे खाणं-पिणं, दूध-भात. पोराला भात दिला होता, हे कुणी विचारल्याशिवाय कोण सांगेल? मी मास्कच्या आतून सगळं ऐकत होते. 'तसं नाही' म्हणून मान हलवत होते. माझ्या हाताच्या कोपरात सुईची ताजी खूण होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं असतं तर दिसली असती.

मग छाती तपासली, एको केला, आणि रिपोर्ट आल्यावर नर्स म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा, नातेवाइकांना आत पाठवा." छाती माझी. फेस माझा. बाहेर मी. दाराला पडदा होता, त्याखालून बाबांच्या चपला दिसत होत्या. त्या चपला बराच वेळ हलल्या नाहीत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल, आणि म्हणतात कसे, "काई नाई बाई. हवा भरली होती छातीत. गोळ्या देल्या." मला एवढं कळत होतं की हवेनं बाप रडत नाही.

त्यानंतरचा काही काळ मी अशा घरात राहिले जिथं सगळ्यांना माझ्याबद्दल काहीतरी माहीत होतं. मी हंडा उचलायला गेले की माय हिसकावून घ्यायची. बाबा माझ्यासमोर बोलताना आधी घसा खाकरायचे. हंगाम ऐन भरात होता. समोरच्या वावरात सोंगलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचल्या जात होत्या. मी ओट्यावर बसून बघायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाया माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. दिवाळीनंतर मला बघायला पाहुणे येणार होते. ते येणार नाहीत असं एक दिवस कळलं, का ते विचारलं तर माय दुसऱ्याच कामाला लागायची. शेवटी शेवंतामावशीच्या तोंडून निघून गेलं. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "देवाचं बी काई खरं नाई. दिलाची बिमारी, अन् ते बी अशा पोरीले!"

पाहुण्यांना माहीत. मावशीला माहीत. रस्त्यानं जाणाऱ्यांना माहीत. ज्या हृदयाची ती बिमारी, त्याला धरून फिरणारी तेवढी अडाणी.

संध्याकाळी बाबा विळा परजत बसले होते. मी समोर उभी राहिले. "बाबा, माह्या छातीत काय आहे ते मले काहून नाई सांगितलं?"

"सांगून काय करशीन? रडत बसशीन."

"तुमी रडलेच ना! तुमच्या रडण्यानं काय झालं?"

माय चुलीपुढून म्हणाली, "बापाशी असं बोलते का वं?"

"मंग कोणाशी बोलू? डाक्टर माह्याशी बोलत नाई, तुमी बोलत नाई. झाडाशी बोलू?"

बाबा परजायचे थांबले. म्हणाले, "मले बी नीट नाई समजलं, बाई. त्यानं विंग्रजी सांगितलं. मी हो हो म्हणलं." त्यांच्या आवाजात एवढी लाज होती की माझा राग त्यांच्यावरून उठला तो परत कधी त्यांच्यावर बसला नाही. पण गेला कुठंच नाही. जागा बदलली. ज्या माणसाला समजत नाही त्याला सांगायचं, जिला समजतं तिला बाहेर बसवायचं, आणि 'हो हो' ऐकून काम झालं म्हणायचं, त्या रीतीवर तो जाऊन बसला. अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जीपनं रिसोडला गेले. दारातला माणूस म्हणाला, "सोबत कोण आहे?"

"मी आहे."

"तसं नाही, मोठं कोणी?"

"मी बी.ए. आहे. याच्याहून मोठं आमच्या घरात कोणी नाही."

तो हसला. मी हसले नाही. आत डॉक्टर म्हणाले, पेशंटला आणा. म्हटलं, पेशंट मीच, नातेवाईकही मीच, आज जे सांगायचं ते मला सांगा आणि मराठीत सांगा. त्यांना ते आवडलं नाही. पण कागद ओढून त्यांनी चित्र काढलं. हृदयाचे कप्पे, मधे झडप. लहानपणी घसा आणि सांधे धरले होते का, विचारलं. धरले होते म्हटलं. घशातून उठून सांध्यांत उतरणारा ताप असतो, त्यानंच ही झडप हळूहळू चिकटत गेली, म्हणाले. दाराची फट राहिली आहे फक्त. रक्त पुढं जात नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. म्हणून दम. फुगा घालून उघडता येईल, सरकारी योजनेत बसेल, नागपूरला जावं लागेल. मी विचारलं, "मग त्या दिवशी एकदम एवढं काहून वाढलं? सलाईन लावल्यावर?"

त्यांचा पेन थांबला. "सलाईन? कधी?"

"फेस येण्याच्या आधी. दोन. दुसरी अर्धी राहिली."

ते खुर्चीत मागं टेकले. "तुमच्या वडिलांनी तर सांगितलं काहीच दिलं नाही." मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, म्हणाले, "तुंबलेल्या नाल्यात वरून पाणी सोडल्यासारखं झालं ते. यापुढं कुठंही गेलात तरी हे आधी सांगायचं."

सांगितलं असतंच की. मला विचारलं कोणी?

सलाईन वाईट आहे असं मी म्हणत नाही. जुलाबानं सुकलेल्या लेकराला तेच वाचवतं. पण कोणत्या अंगात काय जातंय हे अंगाच्या मालकिणीला माहीत असायला पाहिजे, आणि नसलं तर तिनं माहीत करून घेतलं पाहिजे. त्या दिवसापासून मी माझ्या आजाराचा अभ्यास परीक्षेसारखा केला. झडपेचं नाव पाठ केलं. गोळ्यांची नावं, कशासाठी, चुकली तर काय. बाबांनाही पाठ करायला लावलं. ते वावरात काम करताना पुटपुटायचे आणि दोन नावांची एकच गोळी करायचे.

नागपूरची तारीख यायची होती आणि मला ताप आला. शेजारच्या वस्तीत नवा दवाखाना निघाला होता, माय तिथं घेऊन गेली. कंपाउंडर बाटली घेऊनच आला. मी हात मागं घेतला. "सलाईन नाही लावायचं. माझ्या हृदयाची झडप अरुंद आहे. तुमच्या डॉक्टरांना बोलवा."

"डॉक्टर तू का मी?" तो म्हणाला.

"दोघंबी नाई. म्हणून बोलाव म्हणते."

खरी लढाई त्याच्याशी नव्हती. माय माझा दंड धरून म्हणत होती, "थोडीशी लावून घे ना वं. अर्धी. पाह्य तोंड कसं झालं तुह्यं. पांढरीच लावू, पिवळी नाई." तिचे डोळे भरले होते. मला जिवंत ठेवायचं म्हणून ती मला मारायला निघाली होती, आणि तिला कसं सांगावं ते मला कळेना. मी ओरडले. सगळ्या दवाखान्यासमोर आईवर ओरडले, "माय, ते पाणी माह्या छातीत साचते! तुह्या हातानं काढलं होतं ना तू, आता तुह्याच हातानं लावते का?" तिनं दंड सोडला. आतून डॉक्टर आले, त्यांनी छाती ऐकली आणि कंपाउंडरला बाटली घेऊन जायला सांगितलं. घरी येताना माय माझ्या पुढं पुढं चालत राहिली. वस्ती आल्यावर एवढंच म्हणाली, "मले कोणी सांगितलंच नाई वं, ते पाणी कुठं जाते." तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याही आयुष्यभर कोणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं तिच्या शिरांत ओतत राहिले आणि ती उठून पात धरत राहिली.

नागपूरला फुगा घातला तेव्हा मी जागी होते. मांडीतून नळी वर जाताना डॉक्टर बाई एकेक पायरी मला सांगत होत्या, कारण मी आधीच म्हटलं होतं की सांगा. झडप उघडली त्या क्षणी काही चमत्कार वाटला नाही. वाटला तो परत आल्यावर, पाण्याचा हंडा घेऊन आमचा चढ चढले आणि वर पोचून मला काही विशेष झालं नाही तेव्हा. मी वर उभी राहून शिव्या दिल्या. कुणाला ते सांगत नाही. चार-पाच वर्षं मी ज्याला माझा आळस समजत होते, ते दार होतं!

लढाई तिथंही संपली नाही. घशाचा ताप परत येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन लागतं. खाजगीत द्यायला तयार होईनात, म्हणे रिॲक्शन आली तर? जे डोळे झाकून बाटल्या लावतात त्यांना नेमकं लागतं तेच इंजेक्शन द्यायची भीती. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले, नागपूरचा कागद पुढं ठेवला आणि हलले नाही. आता तिथल्या सिस्टर आधी टेस्ट करतात आणि मग देतात. मांडी दुखते. मी लंगडत सेतू केंद्रात कामावर जाते आणि दिवसभर लोकांचे अर्ज भरून देते.

यंदा सोंगणी लागायच्या आधी शेवंतामावशी दिसली, कोपरापाशी कापूस चिकटवलेला. मी म्हटलं, "मावशी, निदान छाती तरी तपासून घे आधी."

"तुह्या दिलाले चालत नाई, माह्या दिलाले काय झालं?" ती हसली. "माही झडप लोखंडाची हाय वं!"

असेलही. तिनं कधी बघितली नाही, आणि बघणाऱ्यांनी तिला कधी दाखवली नाही. मी तिच्याशी भांडले. पुढच्या हंगामातही भांडेन. खोलीत खिळे तसेच आहेत आणि बाकड्यावर हसणंही तसंच आहे. माझ्या रागानं त्यातली एक बाटलीही खाली उतरलेली नाही, फक्त आमच्या घरातलं कुणी आता तिथं जात नाही.

मागच्या महिन्यात एको झाला. झडप चांगली उघडी आहे. डॉक्टरांनी ते मला सांगितलं. बाबा बाहेर बसले होते, त्यांना मी जाऊन सांगितलं.